बारा हजारांचा मेटल डिटेक्टर: लेबल वाचा, पण कॉइल ठोकून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमनेर भागात शेती. कांद्याच्या वाफ्यात खुरपणी चालू असताना पत्नीची सोन्याची अंगठी बोटातून निसटली. शोधायला मेटल डिटेक्टर घ्यायचा विचार आहे, बजेट बारा हजार. ऑनलाइन तीन यंत्रं बघून ठेवलीत. एकावर ‘जर्मन टेक्नॉलॉजी’, दुसऱ्यावर ‘मेड इन इंडिया’, तिसऱ्यावर कंपनीचं नावच नाही. किमती साडेपाच, नऊ आणि साडेअकरा हजार, आणि फोटोत तिन्ही सारखीच दिसतात. यातलं खरं कुठलं, ते कुठे बनतं, आणि चांगलं कसं ओळखायचं?

माझं काम दुरुस्तीचं. लोक ज्यातून चालत जातात त्या डोअर फ्रेम, रखवालदाराच्या हातातले स्कॅनर आणि गेल्या काही वर्षांत जमिनीवर फिरवायची हौशी यंत्रं, सगळं टेबलावर येतं. त्यामुळे उत्तर देणार आहे ते जाहिरात वाचून नाही, आत काय निघतं ते बघून.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. यंत्र कुठे बनलं हा एक, आणि तुमच्या रानात ते चालेल का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं, पण त्यावरून दुसऱ्याचं मिळत नाही. चीनमध्ये बनलेलं सगळं टाकाऊ नसतं, आणि ‘मेड इन इंडिया’ म्हणजे इथे बनवलं की इथे फक्त दांडा जोडून खोक्यात भरलं, ते स्टिकर सांगत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अंगठी किती जाड, पडून किती दिवस झाले, नंतर पाणी दिलंत का आणि माती कुठली यावर अवलंबून आहे. ते मी इथे बसून पक्कं सांगू शकत नाही. ते तुम्हीच कसं तपासायचं, एवढं सांगतो.

आधी मूळ देशाचं बघू. पाच ते बारा हजारांतली जी जमिनीवर फिरवायची यंत्रं आपल्याकडे ऑनलाइन दिसतात, ती जवळजवळ सगळी चीनमधून येतात. एमडी-४०३०, एमडी-६३५० असे नंबर तुम्हाला दिसले असतील. साचा एकच, रंग वेगळा, स्टिकर वेगळं. काळ्याचं पिवळं झालं की किंमत वाढते. हातातल्या स्कॅनरचंही तेच: एमडी-३००३बी१ नावाचा एक नमुना इतक्या वेगवेगळ्या नावांनी विकला जातो की माझ्याकडे आलेला स्कॅनर कुठल्या ‘कंपनीचा’ आहे हे मी आता विचारतही नाही. देवगड हापूस छापलेल्या पेटीत देवगडचाच आंबा असतो असं जितकं खात्रीने म्हणता येतं, तितकंच इथे नावावरून म्हणता येतं.

सारखेपणा ओळखणं अवघड नाही. पुढून काढलेले फोटो बघू नका, मागचे आणि खालचे बघा. बॅटरीचं झाकण कुठे आहे, स्क्रू किती आणि कुठे, कोपर टेकवायच्या कमानीचा आकार, हेडफोनचं भोक कुठल्या बाजूला. मग स्क्रीनवरची चिन्हं आणि बटणांचा क्रम. एवढं जुळलं की आतलं बोर्डही बहुधा तेच. फोटो घेऊन इमेज सर्च केलात तर तेच यंत्र पाच नावांनी समोर येईल. अशा वेळी साडेपाच हजारांचं आणि साडेअकरा हजारांचं यंत्र एकच असेल, तर वरचे सहा हजार तुम्ही वॉरंटीसाठी देताय की स्टिकरसाठी, एवढाच प्रश्न उरतो. विक्रेत्याचा पत्ता पुणे-मुंबईचा आहे, फोन उचलतो, दुरुस्ती करून देतो, असं असेल तर हजार-दोन हजार जास्त द्यायला माझी हरकत नाही. सहा हजार मात्र नाही.

‘जर्मन टेक्नॉलॉजी’, ‘यूएस डिझाइन’ या शब्दांना कागदावर काही अर्थ नाही. कायद्याला हवा असतो तो मूळ देश. पॅकबंद माल आयात केला तर वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यातही मूळ देश सांगणं बंधनकारक आहे. म्हणून खरेदीच्या पानावर वरची मोठी अक्षरं सोडून थेट खाली जा, ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ शोधा. वर जर्मनी आणि खाली चीन, हे एकाच पानावर सर्रास दिसतं. खाली काहीच नसेल, किंवा ‘मार्केटेड बाय’ आहे पण बनवणारा वा आयात करणारा कुणी नाही, तर उद्या कॉइल (जमिनीवर फिरवायची खालची तबकडी) फुटली की तुम्ही कुणाकडे जाणार?

बारकोडवरून देश कळतो हा गैरसमज फार पसरलाय. ८९० म्हणजे भारतात बनलं, ६९० म्हणजे चीनमध्ये, असे मेसेज फिरतात. सुरुवातीचे आकडे तो नंबर कुठल्या देशाच्या जीएस१ या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतला एवढंच सांगतात. भारतीय कंपनीने चीनमधून माल मागवून आपल्या नंबरखाली विकला तर त्यावर ८९० च येणार. सीई (युरोपच्या नियमांत बसतं असं सांगणारा), आरओएचएस (घातक पदार्थांच्या मर्यादेचा), आयएसओ ९००१ या शिक्क्यांचंही तसंच. सीई बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच लावतो, आणि आयएसओ ९००१ कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं, तुमच्या हातातल्या नगाबद्दल नाही. यातला कुठलाच शिक्का देश सांगत नाही.

त्यापेक्षा उपयोगी खूण चार्जरवर सापडते. यंत्र रिचार्जेबल असेल आणि सोबत अडॅप्टर दिला असेल, तर अडॅप्टरला भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी लागते आणि त्यावर ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. यंत्राचा जन्म त्याने सिद्ध होत नाही, पण विक्रेता नियमाने चालणारा आहे की कंटेनरमधला माल नुसता पुढे ढकलणारा, याचा अंदाज येतो. नंबर नसलेला किंवा ॲपमध्ये न सापडणारा चार्जर असेल तर यंत्र ठेवलंत तरी चार्जर बदला.

आत उघडून बघितलं तर आणखी कळतं, पण परत करायची मुदत संपेपर्यंत उघडू नका. सील तुटलं की विक्रेत्याला आयतं कारण मिळतं. उघडायची वेळ आलीच तर बोर्डावरच्या आयसीवरचे (काळ्या चिपवरचे) चार आकडे बघा. २१३४ असेल तर बहुधा २०२१ सालचा चौतिसावा आठवडा. खोक्यावर २०२४ आणि आत एकेका आयसीवर दहा-बारा वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर जुन्या बोर्डांवरून काढलेले पार्ट वापरल्याची शंका घ्यायला जागा आहे. आयसीवरची अक्षरं घासून काढलेली दिसली तर लगेच नकली म्हणू नका. आपलं सर्किट कुणी उचलू नये म्हणून चांगल्या कंपन्याही तसं करतात. माझं लक्ष त्याआधी सोल्डरिंगकडे जातं: डाग चकचकीत आणि एकसारखे आहेत का, फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात त्या राळेचा) पिवळा चिकटा तसाच राहिलाय का, कॉइलची वायर जिथे बोर्डाला जोडली आहे तिथे ओढ सहन करायला काही आधार दिलाय का. स्वस्त यंत्रं बंद पडतात ती जास्त करून तिथेच.

आता नावाजलेल्या कंपन्यांबद्दल, कारण नकलेचा मामला तिथे येतो. गॅरेट ही टेक्सासमधल्या गार्लंडची, १९६४ पासूनची. फिशर, टेकनेटिक्स आणि बाउंटी हंटर ही तिन्ही नावं टेक्सासमधल्याच एल पासोच्या एका कंपनीची. नोक्ता इस्तंबूलची, एक्सपी फ्रान्समधल्या तुलूजची. मिनलॅब ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची, कोडान या कंपनीच्या मालकीची, पण तिची यंत्रं मलेशियात बनतात. म्हणून मिनलॅबवर ‘मेड इन मलेशिया’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. परदेशातून नातेवाइकांकडून मागवलेलं यंत्र ‘ऑस्ट्रेलियाचं म्हणून घेतलं आणि मलेशियाचं निघालं’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. त्यात फसवणूक काही नसते.

फसवणूक असते ती वेगळीच. मिनलॅबच्या महागड्या सोनं शोधायच्या यंत्रांच्या चिनी नकला आफ्रिकेच्या बाजारात इतक्या आल्या की कोडानला आपल्या किमती उतरवाव्या लागल्या आणि २०१४ च्या आर्थिक वर्षात नफा कोसळला. कंपनीच्या अधिकाऱ्याचा लॅपटॉप हॅक होऊन डिझाइन चोरीला गेल्याची गोष्ट २०१५ मध्ये बातम्यांत आली होती. गॅरेटच्या यंत्रांच्या आणि त्यांच्या नारिंगी पिनपॉइंटरच्याही (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्राच्या) नकला चालतात. ओळखायचं एक साधं गणित आहे: ब्रँडचं नवंकोरं यंत्र मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत असेल तर ते मूळ नाही. सीरियल नंबर कंपनीला मेल करून विचारा, आणि घेताना त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. बारा हजारांत यातलं नवं यंत्र आयात शुल्क धरून आपल्याकडे सहसा बसत नाही. वापरलेलं मिळालं तर नशीब. ‘नाव नसलेलं’ यंत्र मला ‘खोटं नाव असलेल्या’ यंत्रापेक्षा बरं वाटतं. निदान ते तुम्हाला काही खोटं सांगत नाही.

इतकं झालं तरी यंत्र चांगलं की वाईट हे कळलेलं नाहीच. त्यासाठी ते हातात घ्यावं लागतं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला (सोबत आलेल्या बॅटऱ्यांवर कुठलंही यंत्र तपासू नका) आणि घरापासून, मोटरच्या स्टार्टरपासून, विजेच्या तारांपासून लांब जा. मोबाइल खिशात नको. हातातलं कडं, अंगठी, पायातले लोखंडी टाचेचे बूट काढून ठेवा.

पहिलं काम, कॉइल हवेत धरून बोटाने हलकेच ठोका. मग वायर हलवा, विशेषतः कॉइलमध्ये शिरते तिथे. यंत्र गप्प राहायला हवं. कॉइलच्या आत दोन वेटोळी असतात, एक सोडणारं आणि एक ऐकणारं. दोन्ही अशा जागी बसवलेली असतात की एरवी ऐकणाऱ्याला सोडणाऱ्याचं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. धातू जवळ आला की हा तोल बिघडतो आणि आवाज होतो. आता ही वेटोळी केसभर जरी हलली तरी तोल धातूशिवायच बिघडतो. चांगल्या कॉइलमध्ये ती इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) पक्की गाडलेली असतात. स्वस्तात आत पोकळी, आणि हॉट ग्लूचे चार ठिपके. मार्च-एप्रिलच्या उन्हात ग्लू मऊ पडतो, वेटोळं सरकतं, आणि सकाळी नीट चाललेलं यंत्र दुपारी उगाच किरकिरायला लागतं. म्हणून दुसरी परीक्षा: यंत्र चालू करून अर्धा तास उन्हात ठेवा आणि पुन्हा ठोका. ओल्या हाताने कॉइलला स्पर्श करा, ओल्या गवतावरून फिरवा. त्यानेही ओरडत असेल तर आतलं शिल्डिंग (बाहेरचा त्रास आत पोचू न देणारं आवरण) कच्चं आहे. या परीक्षांत नापास झालेलं यंत्र कुठल्याही देशाचं असलं तरी परत पाठवा.

मग नाण्यांची परीक्षा. इथे परदेशी व्हिडिओ बघून फसू नका. ते अमेरिकन नाणी दाखवतात, त्यांत तांबं भरपूर असतं, यंत्र टणकन वाजतं. आपलं एक रुपयाचं हल्लीचं नाणं फेरिटिक स्टीलचं आहे, चुंबकाला चिकटतं. ते यंत्राला लोखंडाच्या बाजूला दिसलं किंवा स्क्रीनवरचा धातू ओळखायचा आकडा इकडेतिकडे उड्या मारू लागला तर दोष यंत्राचा नाही. तपासायला सोनेरी दिसणारं पाच रुपयांचं नाणं घ्या, ते निकेल-ब्रासचं आहे. नाणं कॉइलसमोरून एकाच वेगाने, एकाच अंतरावरून दहा वेळा न्या. किती लांबून वाजतं यापेक्षा दहाही वेळा आकडा जवळपास तोच येतो का हे बघा. कधी ४५, कधी ७२, कधी नुसतं लोखंड, असं करत असेल तर त्या यंत्राच्या स्क्रीनवरचे आकडे शोभेचे आहेत. पाच-सहा हजारांच्या यंत्रांत हे बऱ्याचदा सापडतं. त्यांना स्क्रीन झाकून नुसत्या आवाजावर वापरलेलं बरं.

नंतर लोखंडी खिळा आणि नाणं दोन-तीन इंचांवर शेजारी ठेवा. खिळा गाळायचा मोड लावल्यावर नाणंही गप्प झालं, तर रानातल्या तारांच्या तुकड्यांमध्ये तुमची अंगठीही अशीच गप्प होणार. या किमतीत सगळीच यंत्रं यात थोडीफार कमी पडतात. किती कमी पडतात ते माहीत असलेलं बरं, म्हणजे शोधताना लोखंड गाळायचं की सगळंच ऐकायचं ते ठरवता येतं. माझं मत विचाराल तर अंगठीच्या कामाला सगळं ऐका आणि जास्त खणा.

आता मातीकडे येतो, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. यंत्रांच्या पुस्तिका आणि बहुतेक व्हिडिओ परदेशातले, तिकडच्या मातीतले. आपलं दख्खनचं पठार बेसॉल्टचं. त्याच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत, मुरमात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात. यंत्राला जमीनच धातूसारखी ऐकू येते. कोकण-गोव्याकडचा जांभा लोहाने भरलेला, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू, आणि ओल्या खाऱ्या वाळूची वेगळीच कटकट, कारण मिठाचं पाणी वीज वाहतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं स्वस्त यंत्र समुद्राच्या ओल्या पट्ट्यात सतत ओरडतं. इंग्लंडमधल्या गवताळ शेतात आठ इंच खोल नाणं दाखवणारं यंत्र आपल्या रानात तीन-चार इंचांवर आलं तर मला नवल वाटणार नाही.

यावर उपाय असतो ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे जमिनीचा आवाज मोजून वजा करायची सोय. तुमच्या किमतीतल्या बऱ्याच यंत्रांत ती कारखान्यातच एका जागी बसवलेली असते, तुम्हाला बदलता येत नाही. काहींना नॉब किंवा बटण असतं. तिन्हींमधून निवडायचं झालं तर मी स्क्रीन, रंग, मोड, वॉटरप्रूफ हे सगळं सोडून फक्त हे बघेन: हाताने ग्राउंड बॅलन्स करता येतो का? पानावर लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर ‘हो सर, सगळं होतं’ असं आलं तर पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो मागवा.

तपासायची रीत सोपी. जिथे धातू नाही अशी जागा निवडा आणि कॉइल जमिनीपासून गुडघ्याइतकी वर घेऊन पुन्हा दोन इंचांपर्यंत खाली आणा, असं सावकाश वर-खाली करा. खाली येताना दर वेळी आवाज होत असेल तर यंत्र जमिनीलाच ऐकतंय. सेन्सिटिव्हिटी (यंत्र किती बारीक ऐकतं ते ठरवणारी सेटिंग) कमी करत जा, आवाज थांबेपर्यंत. बऱ्याच लोकांचा समज असा की सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवली की खोल जातं. आपल्या मातीत उलट होतं, अर्ध्यावर ठेवलेलं शांत यंत्र पूर्ण ठेवलेल्या किरकिऱ्या यंत्रापेक्षा जास्त शोधतं. एवढं कमी करूनही बडबड थांबली नाही तर ते यंत्र तुमच्या रानासाठी नाही, मग ते कुठूनही आलेलं असो.

शेवटची परीक्षा घरच्याच वस्तूची. पत्नीची तशीच दुसरी अंगठी घ्या, तिला चांगला मजबूत दोरा बांधा, त्याच वाफ्याच्या कडेला चार बोटं खोल पुरा, दोऱ्याचं टोक काडीला बांधून वर ठेवा. आता यंत्र फिरवा. वाजलं तर घ्या, नाही वाजलं तर परत करा. दोरा विसरू नका, नाहीतर दोन अंगठ्या शोधाव्या लागतील. या परीक्षेत आकडा काय आला तो लिहून ठेवा, प्रत्यक्ष शोधताना तोच उपयोगी पडेल. सोन्याचा आकडा बऱ्याचदा गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या किंवा औषधाच्या पुडीच्या ॲल्युमिनियमजवळच येतो, त्यामुळे ‘गोल्ड मोड’ हे बटण फक्त सोनं दाखवतं असं समजू नका. आणि हरवली होती ती अंगठी होती हे बरं. नाजूक चेन असती तर कठीण होतं, कारण यंत्र पूर्ण चेन बघत नाही, एकेक बारीक कडी बघतं.

जाहिरातीत खोलीचे आकडे दिसतील. एक मीटर, अडीच मीटर. त्यामागचं गणित असं: कॉइलपासून लांब गेल्यावर वस्तूकडे जाणारी लहर अंतराच्या घनाने कमी होते आणि परत येणारीही तशीच. म्हणजे अंतर दुप्पट केलं की येणारा इशारा चौसष्टावा हिस्सा उरतो. अंगठीएवढ्या वस्तूसाठी एक मीटर हे या किमतीतच काय, कुठल्याच किमतीत होत नाही. पाण्याची टाकी, मोठा पत्रा खोलवर वाजेल, ते वेगळं. आणि पीव्हीसी पाइपलाइन या यंत्राने सापडत नाही. तेही लोक विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.

‘तीस फुटांवरून सोनं दाखवतो’ असं सांगत अँटेनाची काडी हलवून दाखवणारे भेटले तर बोलणंच बंद करा. त्या प्रकारात आत सर्किटच नसतं किंवा असून नसल्यासारखं असतं. एडीई ६५१ नावाचं असंच ‘बॉम्ब शोधणारं’ यंत्र इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश माणसाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ते मुळात गोल्फचे चेंडू शोधायच्या वीसेक डॉलरच्या खेळण्यावरून घेतलं होतं. आपल्याकडे हाच माल गुप्तधनवाल्यांच्या हाती लाखाच्या घरात विकला जातो. ओघात आलं म्हणून: शेतात नांगराला खरोखरच जुनं काही पुरलेलं लागलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे कलेक्टरना कळवावं लागतं. किल्ल्यांवर आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात यंत्र घेऊन जायचंच नाही.

तर तुमच्या तीन यंत्रांचं काय करायचं? फोटो आणि मागची बाजू जुळवून बघा. माझा अंदाज आहे की निदान दोन एकच निघतील. ग्राउंड बॅलन्स असलेलं आणि परत घेण्याची मुदत स्पष्ट लिहिलेलं जे असेल ते मागवा, मग ते नाव नसलेलं का असेना. त्याआधी मात्र एक फोन करून बघा. मोठ्या बंदोबस्ताचं काम करणाऱ्या सिक्युरिटी एजन्सीकडे यंत्र असतं. एक दिवस भाड्याने मिळालं तर बारा हजार वाचले. सिक्युरिटीचा हातातला स्कॅनरही चालून जाईल, कारण खुरपताना पडलेली अंगठी फार खोल नसणार, वरच्या दोन-तीन इंचांतच असेल. फक्त तो अगदी जमिनीला लावून, अंगुळ-अंगुळ फिरवावा लागेल.

शोधताना वाफ्यात दोऱ्या बांधून दोन-दोन फुटांचे पट्टे करा. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटं वर, दर फेरी मागच्या फेरीवर अर्धी चढवून. झोके घेतल्यासारखी टोकाला उचलू नका, तिथेच जागा सुटते. एक पट्टा लांबीने झाला की तोच रुंदीने करा. जिथे वाजेल तिथली ओंजळभर माती बाजूला घेऊन पुन्हा तपासा, म्हणजे कांदाही वाचतो. खुरपून काढलेलं तण बांधावर कुठे टाकलंत ते आठवा आणि तो ढीग सगळ्यात आधी तपासा. मुळांच्या मातीत अडकून अंगठी तिकडे गेली असण्याची शक्यता चांगली आहे. रान थोडं ओलसर असताना बघितलंत तर कधीकधी इशारा जरा बरा मिळतो, पण चिखलात नको. आणि अंगठी सापडेपर्यंत, किंवा सगळे पट्टे दोन्ही बाजूंनी संपेपर्यंत, त्या वाफ्यात रोटाव्हेटर घालू नका.